कागदावर प्रभार नाही, तरी तो कंगव्याकडे का झेपावतो?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. तिथल्या अकरावी-बारावीच्या मुलांना विद्युतप्रभाराचं गणित घाला, पेन उघडायच्या आत दोन प्रभारांमधलं बल काढायचं कूलोमचं सूत्र तोंडून बाहेर पडतं. मग विचारा: केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तर कपट्यांवर कोणता प्रभार? उत्तर ठरलेलं, “कंगव्यावर ऋण, म्हणजे कागदावर धन.” साफ चूक! कागदाला कुणी घासलेलं नाही, त्याच्यावरचा एकूण प्रभार शून्य आहे. सूत्रात शून्य घातलं की बलही शून्य येतं आणि कपटा मात्र टुणकन उडी मारतो.

प्रभाराचं गणित आधी इलेक्ट्रॉनचा जमाखर्च म्हणून मांडावं, सूत्र नंतर. समजा कंगव्यावर 3.2 × 10⁻⁹ कूलोम (कूलोम हे प्रभाराचं एकक) ऋण प्रभार आला. एका इलेक्ट्रॉनवर 1.6 × 10⁻¹⁹ कूलोम, म्हणजे भागाकार करून 2 × 10¹⁰, दोन हजार कोटी इलेक्ट्रॉन. घासण्याने ते निर्माण झाले नाहीत, केसांवरून कंगव्यावर आले. केसांवर नेमका तितकाच धन प्रभार उरला, म्हणून तर केस एकमेकांपासून फटकून उभे राहतात. भागाकारात अडीच इलेक्ट्रॉन आले तर गणित चुकलं, कारण अर्धा इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जात नाही.

ऋण प्रभारात वाईट काहीच नाही. धन कशाला म्हणायचं आणि ऋण कशाला, हे बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात ठरवलं. उलट ठरवलं असतं तरी सगळी गणितं अशीच सुटली असती. तेव्हा ‘निगेटिव्ह एनर्जी शोषणारं’ ब्रेसलेट कुणी विकायला आला, तर किती कूलोम शोषतं तेवढं जरूर विचारा.

आता कपट्याकडे वळू. कागदात धातूसारखे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. पण ऋण कंगवा जवळ आला की प्रत्येक रेणूतले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे रेटले जातात, अणूच्या आकाराच्या मानाने अगदी नगण्य. आतल्या आत शेजारशेजारचे धन-ऋण एकमेकांना फेडून टाकतात. कंगव्याकडच्या कडेला थोडा धन प्रभार उरतो, पलीकडच्या कडेला तितकाच ऋण. बेरीज अजूनही शून्यच! पण धन कड जवळ आहे, आणि कूलोमच्या 1785 च्या नियमानुसार बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. कंगव्याचा प्रभार एका बिंदूत मानू. धन कड 10 मिलिमीटरवर, ऋण कड 12 वर. 144 भागिले 100, म्हणजे आकर्षण प्रतिकर्षणाच्या 1.44 पट. ही तफावत कपट्याच्या वजनाहून जास्त झाली की कपटा उडतो.

कंगवा दुप्पट लांब न्या: 20 आणि 22. गुणोत्तर 1.21 वर येतं, दोन्ही बलं मुळातच घटलेली, शिवाय इलेक्ट्रॉन रेटणारा जोरही चौपट कमी, म्हणजे कडांवरचा प्रभारही चौपट कमी. सगळं गुणलं तर ओढ सुमारे 28 पट घटते. कपटा जितका चिमुकला, तितका हा आकडा 32 च्या, म्हणजे दोनच्या पाचव्या घाताच्या, जवळ सरकतो. म्हणूनच कंगवा जवळ नेताना बराच वेळ काहीच घडत नाही आणि अचानक सगळे कपटे एकदम झेपावतात.

चॉकलेटच्या चांदीचे कपटे घेतले तर आणखी मजा. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, त्यामुळे ओढ जोरदार. पण कंगव्याला टेकताच कपटा त्याचा थोडा ऋण प्रभार घेतो, दोघे सजातीय, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रभाराचे, होतात, एकमेकांना ढकलतात आणि कपटा लगेच उडून लांब पडतो.

जुलैत हे करायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. दमट हवेतून वीज वाहून जाते असं सर्रास सांगतात, पण खरी गळती होते ती कंगव्याच्या पृष्ठभागावर जमलेल्या ओलाव्याच्या पातळ थरातून. कंगवा, केस आणि कागद हेअर ड्रायरने नीट सुकवून घ्या, नाहीतर सरळ जानेवारीची वाट पाहा.