जुन्या करारातील कथा ‘आपल्यासाठी’ कशा झाल्या

ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीतला वाद जेवणावरून होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे का, देवळातल्या मेजवानीला बसावे का, यावरून तिथे तट पडले होते. इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास पौलाने इफिसाहून त्यांना पत्र लिहिले आणि त्याच्या दहाव्या अध्यायात मोशेच्या काळातली रानातली हकिकत काढली. आमचा बाप्तिस्मा झाला आहे, प्रभूच्या मेजावर आम्ही बसतो, आता कशाने काय बिघडणार, अशी तिथल्या काहींची समजूत होती. पौल जोड्या लावत जातो. इस्राएल लोकही ढगात आणि समुद्रात बाप्तिस्मा पावले होते, त्यांनाही मान्ना (आकाशातून मिळालेले अन्न) आणि खडकातले पाणी मिळाले होते. तरी त्यांच्यातले बहुतेक रानातच पडले. मग सोनेरी वासरू (निर्गम ३२), मवाबी स्त्रियांचा प्रसंग (गणना २५), साप (गणना २१) आणि कुरकुर (गणना १४ आणि १६) असे चार दाखले येतात. वासराच्या लांबलचक कथेतून त्याने शब्दशः उचलले ते लोक खायला-प्यायला बसले आणि उठून खेळू लागले, एवढेच वाक्य. करिंथातला वादच पंक्तीचा होता.

या दाखल्यांसाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आहे ‘टुपोस’. मूळ अर्थ ठोकल्यामुळे उठलेला ठसा. त्यावरून साचा, नमुना. योहानाच्या शुभवर्तमानात थोमा खिळ्यांच्या ज्या खुणा बघायला मागतो, त्यांनाही हाच शब्द आहे. आता ‘टुपोस’ म्हणजे गिरवायचा कित्ता, टाळायचे उदाहरण, की पुढे येणाऱ्या मोठ्या गोष्टीची आधी उमटलेली छाप? या एका शब्दाच्या तिन्ही अर्थांवर पुढे वेगवेगळ्या उपदेशपरंपरा उभ्या राहिल्या. या अध्यायातले चारही दाखले टाळायच्या वागण्याचे आहेत, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ‘बायबलमधील आदर्श व्यक्ती’ या धाटणीच्या धड्यांना पहिला अडसर इथेच लागतो. (जाता जाता: पौल एका दिवसात २३,००० पडले म्हणतो, गणना २५ मध्ये आकडा २४,००० आहे. जुन्या भाष्यकारांनी यावर बरीच शाई खर्च केली, पण त्याच्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.)

ही रीत पौलाने शोधून काढलेली नव्हे. इब्री शास्त्रात आधीच्या कथा पुन्हा सांगण्याची सवय आतूनच आहे. अनुवाद ६ मध्ये मुलगा विचारतो, या आज्ञांचा अर्थ काय, आणि बापाने उत्तर कथेने द्यायचे आहे: ‘आम्ही मिसरात दास होतो.’ स्तोत्र ७८ आणि स्तोत्र १०६ हे पूर्वजांच्या चुकांचे लांबलचक पाढे आहेत. नहेम्या ९ मधली प्रार्थनाही त्याच वळणाची. स्तोत्र ९५ तर रानातली ती पिढी समोर उभी करून ‘आज’ म्हणते, आणि तोच ‘आज’ धरून इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे दोन अध्याय उभे राहतात. जुन्या करारातल्या ‘इतिहास’ नावाच्या ग्रंथात दावीद आहे, पण बथशेबाशी व्यभिचाराचे प्रकरण गाळले आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांना मंदिर आणि उपासना यांसाठीचा दावीद हवा होता. म्हणजे कोणता भाग कोणापुढे ठेवायचा, ही निवड पवित्र शास्त्राच्या पानांतच सुरू झालेली दिसते.

नव्या करारात त्या कथा एकाच पद्धतीने वापरलेल्या नाहीत. याकोबाच्या पत्रात एलीया संदेष्टा ‘आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस’ आहे, म्हणजे सरळ कित्ता. मोशेने रानात उंचावलेल्या पितळेच्या सापाकडे येशू बोट दाखवतो ती पुढच्या घटनेची, म्हणजे स्वतःच्या क्रुसावरच्या मरणाची, छाप म्हणून. गलतीकरांच्या पत्रात अब्राहामाची पत्नी सारा आणि दासी हागार हे दोन करार होतात. तिथे पौल स्वतःच सांगतो की हे रूपकाने बोललेले आहे. एकच पद्धत खरी आणि बाकीच्या खोट्या, असे म्हणणाऱ्याला या तिन्हींपैकी किमान दोन ठिकाणी अडखळावे लागते.

दुसऱ्या शतकात प्रश्न जिवावर आला. मार्कियोन याने जुना करारच नको म्हटले. त्याच्या मते जुन्या करारातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. जुना करार राखायचा तर तो ख्रिस्ती माणसाशी बोलतो हे दाखवणे भाग होते, आणि मार्कियोनच्या आधीपासून चाललेल्या या खटपटीत काही विचित्र गोष्टीही घडल्या. बर्णबाच्या नावावर चालणाऱ्या पत्रात अब्राहामाच्या ३१८ माणसांचा (उत्पत्ती १४) हिशेब असा लावला आहे: ग्रीकमध्ये अठरा आकडा लिहिण्याची अक्षरे म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे, आणि तीनशेचे अक्षर ‘टाऊ’ क्रुसाच्या आकाराचे. अब्राहामाची कथा लिहिली गेली इब्रीत; ही अक्षरे भाषांतरातली. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंताने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेच्या खिडकीतली किरमिजी दोरी ख्रिस्ताच्या रक्ताची खूण ठरते. ते तितके ताणलेले नाही, कारण कथेतही ती दोरी सुटकेचीच खूण आहे. कथेतल्या वस्तूचे कथेतले काम आणि तिला दिलेला अर्थ जुळत असेल तर छाप टिकते. न जुळल्यास ती कोडे सोडवण्याची करमणूक होते.

अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने (मृत्यू इ. स. २५३ च्या सुमारास) या वाचनाला शिस्त लावली. शास्त्रालाही शरीर, जीव आणि आत्मा आहे, असे त्याचे म्हणणे. अंत्युखियाच्या शिक्षकांना यात कथा विरघळून जाण्याची भीती वाटली. घडलेली गोष्ट आधी घट्ट धरा, मग तिच्यातून वर पाहा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यातल्याच योहान ख्रिसोस्तोमची उत्पत्तीवरची ६७ प्रवचने वाचली तर फरक कळतो: तो पात्रांच्या बोलण्यात, रागात, उशिरात रमतो. पाचव्या शतकात योहान कासियनने चार अर्थांची घडी बसवली आणि उदाहरण घेतले यरुशलेमेचे. घटनेच्या अर्थाने ते यहूद्यांचे नगर, श्रद्धेच्या अर्थाने मंडळी, आचरणाच्या अर्थाने माणसाचा जीव, आशेच्या अर्थाने स्वर्गीय नगरी. मध्ययुगभर हीच चौकट चालली. तिला लगाम घातला तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने: वाद मिटवायचा असेल तर पुरावा फक्त शब्दार्थातून घ्यायचा, इतर अर्थ त्याच्यावरच उभे.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत कथा चित्रांतून पोचल्या. रोमच्या भुयारी दफनभूमीत योना, दानीएल, भट्टीतले तिघे तरुण, तारवातला नोहा पुन्हा पुन्हा रंगवलेले आढळतात. निवड पाहा: सगळे मरणाच्या तोंडातून सुटलेले. थडग्यावर दुसरे काय काढणार?

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचे १५२५ मधले मोशेविषयीचे प्रवचन या इतिहासातला कळीचा टप्पा आहे, कारण त्याने प्रश्नच बदलला. हे देवाचे वचन आहे का, एवढे विचारून भागत नाही. ते कोणाला उद्देशून आहे तेही विचारा. देवाने दावीदाला लढ म्हटले म्हणून मी लढायला निघायचे नाही. मोशेच्या ग्रंथांतून त्याने तीन गोष्टी ठेवल्या: सर्व माणसांच्या मनात मुळातच लिहिलेल्या आज्ञांशी जुळणारे नियम, ख्रिस्ताविषयीची अभिवचने, आणि विश्वास, प्रीती व दुःखसहन यांची उदाहरणे. ‘कोणाला?’ या प्रश्नाची गरज आजही रोज पडते. यिर्मया २९:११ मधले भवितव्याचे अभिवचन भिंतीवर लावले जाते. दहाव्या वचनातली ७० वर्षे भिंतीवर नसतात. ते पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना होते, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत ते पुरे होणार नव्हते.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये संडे स्कूल सुरू केले, आणि पुढच्या शतकात ही चळवळ जगभर गेली. १८७२ मध्ये अमेरिकेत सगळ्या वर्गांसाठी सामायिक धड्यांची योजना मान्य झाली. आठवड्याला एक उतारा, एक पाठ करायचे वचन, एक शिकवण. आज आपल्या कानांवर असलेला ‘या गोष्टीवरून आपण काय शिकतो?’ हा साचा मुख्यतः तिथून आला. मुलांना कथा तोंडपाठ झाल्या हा मोठा लाभ. पण प्रत्येक उताऱ्याला एक गुण चिकटवण्याची सक्ती झाली. योसेफ म्हणजे शुद्धता, दानीएल म्हणजे धैर्य. मग उत्पत्ती ४७ गाळावाच लागतो, कारण तिथे हाच योसेफ दुष्काळात मिसरी लोकांची गुरे, जमिनी आणि शेवटी तेही फारोसाठी विकत घेतो. कथेने स्वतः सांगितलेला अर्थ ४५:५-८ आणि ५०:२० मध्ये आहे, आणि त्या दोन्ही जागी कर्ता देव आहे.

वापरात सगळ्यांत भयंकर घसरण गुलामगिरीच्या काळात झाली. उत्पत्ती ९ मधला नोहाचा शाप ‘हामाचा शाप’ म्हणून आफ्रिकी लोकांवर लादला गेला. मूळ वचनात शाप हामाचा मुलगा कनान याला आहे, हामाला नाही. आणि तो नुकत्याच नशेतून उठलेल्या माणसाने दिला आहे, देवाने नव्हे. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी निवडक पवित्र शास्त्र छापले गेले, त्यात मिसरातून सुटकेची कथाच नव्हती. विकला जाऊनही धन्याची इमानाने चाकरी करणारा योसेफ मात्र ठेवला होता. गाळणाऱ्यांना कथेची ताकद नेमकी कळली होती. अमेरिकेतल्या गुलामांनी ऐकून, गाऊन निर्गम आपलासा केला तो त्यांच्या नाकावर टिच्चून.

विसाव्या शतकात १९३० ते १९५० च्या दरम्यान नेदरलँड्सच्या रिफॉर्म्ड मंडळ्यांत हाच वाद नेमक्या शब्दांत मांडला गेला. एक पक्ष म्हणे, पात्रे उदाहरण म्हणून सांगा. क्लास स्किल्डर आणि बी. होल्वेर्डा यांचा पक्ष म्हणे, प्रत्येक कथा ही देवाच्या तारणकार्याच्या एकाच इतिहासातला टप्पा आहे. तिची जागा सोडून थेट अब्राहामावरून आपल्यावर उडी मारू नका. उडी मारताना अंतर विसरले जाते, हे त्यांचे निदान आम्हाला पटते. पण याकोबाच्या पत्रातला एलीया त्यांच्या चौकटीत सहज बसत नाही, आणि नुसताच टप्पा दाखवणारे प्रवचन ऐकून माणूस घरी रिकाम्या हाताने जातो, ही तक्रारही खरी होती.

या सगळ्यातून हाती आलेली कामाची पद्धत दावीद आणि धिप्पाड योद्धा गल्याथ यांच्या कथेवर पाहता येते. आधी कथेची हद्द ठरवायची: १ शमुवेल १७ हा ५८ वचनांचा अध्याय पूर्ण वाचायचा, गोफणीच्या दहा-बारा वचनांवर थांबायचे नाही; शक्य तर अध्याय १६ मधल्या अभिषेकापासून सुरुवात करायची. तपशील तपासायचे: प्रचलित इब्री पाठात गल्याथ सहा हात एक वीत, म्हणजे सुमारे २.९ मीटर, ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळीत चार हात एक वीत, म्हणजे साधारण २ मीटर. दोन्ही पाठांत तो दावीदाला भारी आहे, तेवढे पुरे. मग कथेतच तिचा अर्थ कोण बोलते ते शोधायचे. इथे तो वचन ४५ ते ४७ मध्ये दावीदाच्या तोंडी आहे: लढाई परमेश्वराची आहे, आणि हे सर्व पृथ्वीला व या समुदायाला कळावे. त्यानंतर आपली जागा शोधायची. बहुतेक वाचक लगेच दावीदाच्या जागी उभे राहतात. कथेत आपल्यासारखे जास्त कोण, तर ४० दिवस घाबरून उभे असलेले सैन्य. शेवटी, आणि शेवटीच, आजचे आचरण: दुसऱ्याने जिंकलेल्या लढाईनंतर उठून पुढे जाणारी माणसे कशी जगतात. दावीदाने गोफणीसाठी उचललेल्या पाच गोट्यांना पाच अर्थ देण्याचा मोह जुना आहे. अगस्तीननेही त्यांत मोशेचे पाच ग्रंथ पाहिले. पण कथेत चार गोटे पिशवीतच राहतात.

गिदोनाच्या लोकरीचे उलट होते. शास्ते ६:३६-४० मध्ये तो खळ्यात लोकर ठेवून, एकदा ती दवाने भिजावी आणि एकदा कोरडी राहावी, अशी खूण देवाकडे मागतो; त्यावरून खूण मागण्याची रीत शिकवली जाते. पण ६:१४-१६ मध्ये आज्ञा आणि सोबतीचे वचन आधीच मिळाले आहे, ‘तू म्हटल्याप्रमाणे’ असे गिदोन स्वतःच कबूल करतो, आणि दुसऱ्यांदा मागताना माझ्यावर रागावू नकोस म्हणतो. इथे देवाची सहनशीलता दिसते, रीत घालून दिलेली नाही. कथनात घडलेले आणि कथनाने सांगितलेले यांत गल्लत झाली की अशी चूक होते. शास्ते हा ग्रंथ त्या चुकीची खाणच आहे, कारण निवेदक बहुधा गप्प राहतो आणि २१:२५ मध्ये जो तो आपल्या मनास येईल तसे करी, एवढेच सांगून थांबतो.

रविवारच्या वाचनक्रमांनी हा ग्रंथ जवळजवळ बाजूलाच ठेवला आहे. रोमन कॅथलिक मंडळीने १९६९ मध्ये तीन वर्षांचा क्रम लागू केला. त्यात जुन्या करारातला उतारा बहुधा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाला जुळेल असा निवडतात, आणि पुनरुत्थानकाळात त्याऐवजी प्रेषितांची कृत्ये वाचतात. जुळवून घेतलेला उतारा साहजिकच आधीच उत्तर ठरलेला असतो. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात तो १९९२ चा सामायिक क्रम पन्नासाव्या दिवसानंतरच्या (पेन्टेकॉस्टनंतरच्या) काळात दुसरी वाटही देतो: अब्राहामापासून पुढे सलग चालत जाणारी. त्या तीन वर्षांत शास्ते ग्रंथ एकाच रविवारी येतो, दबोरेच्या कथेपुरता. त्याच ग्रंथातल्या इफ्ताहचे नाव इब्री ११ मधल्या विश्वासवीरांच्या यादीत ऐकू येते. त्याच्या नवसापायी गेलेली मुलगी मात्र त्या रविवारांत कधीच येत नाही.