लेस्टर स्क्वेअरच्या आधी: युरोपात रस्त्यावर वाजवणाऱ्यांचे नियम कुठून आले

१७ एप्रिल २०२५ पासून लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधले बस्किंग, म्हणजे रस्त्यावर उभे राहून गाणे-वाजवणे, बंद झाले. चौकावर कचेरी असलेल्या एका रेडिओ कंपनीने मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दाद मागितली होती आणि मार्चमध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. फोनवर बोलायचे तर कर्मचाऱ्यांना कपाटात शिरावे लागते, असे कोर्टापुढे आले. तेच तेच आवाज सतत कानांवर आदळवणे ही मानसिक छळाची जगजाहीर रीत आहे, असा शेरा न्यायाधीशांनी मारला. शेरा अर्थातच गाजला. गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांच्या संदर्भात छळाची भाषा, म्हणून काहीजण संतापले. ज्यांनी त्या चौकात एखादी दुपार काढली आहे त्यांना तो शेरा फारसा खटकला नसावा.

मात्र या खटल्यात वादक पक्षकार नव्हतेच. दावा नगरपरिषदेवर होता. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार उपद्रव सोसणाऱ्या कुणालाही त्या उपद्रवाला जबाबदार असणाऱ्यावर थेट कोर्टात जाता येते. गोंगाट वादकांचा, पण त्यांना परवाना देणारी, उभे राहण्याची जागा ठरवून देणारी आणि नियम मोडणाऱ्याला हटवू शकणारी यंत्रणा परिषदेची. तेव्हा जबाबदारीही तिचीच, असा सरळ हिशेब झाला. आवाज आटोक्यात यावा म्हणून २०२१ मध्ये परवान्याची योजना आणली आणि चार वर्षांनी तीच गळ्यात आली. परिषदेने चौकातल्या दोन्ही जागा बंद करून टाकल्या.

हा निकाल म्हणजे एका जुन्या वळणाचा शेवटचा टप्पा आहे. रस्त्यावरच्या वादकाला कायदा कित्येक शतके एकच गोष्ट सांगत आला: इथून पुढे चालता हो. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्याच कायद्याने त्याला सांगायला सुरुवात केली: या ठरलेल्या जागेत उभा राहा, इकडे तिकडे हलू नकोस. माझ्या मते आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे, आणि त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही.

मध्ययुगाबद्दल दोनच दाखले पुरेत. १३२१ मध्ये पॅरिसच्या वादकांनी आपला संघ बांधून नियम नोंदवून घेतले. बाहेरगावाहून आलेल्याने त्या नियमांना बांधून घेतल्याशिवाय शहरात काम करू नये, हा त्यांतला एक मुख्य हेतू. म्हणजे फिरस्त्याला पहिला विरोध गावातल्या वादकांनीच केला. दुसरा दाखला इंग्लंडचा. १५७२ च्या कायद्याने ज्यांच्या पाठीशी कुणी सरदार नाही असे भटके वादक थेट भामट्यांच्या आणि उडाणटप्पूंच्या यादीत गेले. शिक्षा चाबकाचे फटके आणि कानाच्या पाळीला तापल्या लोखंडाने भोक. गाणे हे भीक मागण्याचे निमित्त, ही समजूत तिथून पुढे फार लांब चालत आली. आपल्याकडच्या १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातही भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशी निमित्ते एकेक करून मोजलेली आहेत. वासुदेव, डोंबारी, नंदीबैलवाले सगळे त्या एका वाक्यात मावतात.

एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरचा वादक भिकाऱ्याच्या खात्यातून गोंगाटाच्या खात्यात आला. कारण साधे होते. शहरात दाटी झाली, घरी बसून लिहिणारा-वाचणारा मध्यमवर्ग वाढला आणि नेमके त्याच वेळी परदेशी वादकांचे तांडे येऊ लागले. इटलीतल्या पार्माच्या वरच्या डोंगराळ गावांतून माणसे आणि लहान मुले पायी निघत, आल्प्स ओलांडून फ्रान्समार्गे लंडनला पोहोचत आणि क्लार्कनवेलच्या कोंदट वस्तीत राहत. त्यांच्याकडे दांडा फिरवून वाजवायचा बॅरल ऑर्गन असे. आतल्या रुळावर खिळे ठोकून बसवलेल्या मोजक्याच चाली. दांडा फिरेल तशा त्याच पुन्हा. मुले बहुधा मुकादमाच्या ताब्यात असत आणि संध्याकाळी कमाई त्याच्या हाती जाई. इटलीने १८७३ मध्ये मुलांना अशा फिरत्या धंद्यांत लावण्यावर कायद्याने बंदी घातली. जर्मनीच्या पश्चिम फाल्त्स भागातले वादक याच काळातले, पण त्यांचा बाज वेगळा. ते शेतीवर भागत नाही म्हणून वाद्य शिकत, पितळी वाद्यांचे जथे करून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जात आणि मिळालेल्या पैशांतून गावात घरे बांधत. १९१४ च्या युद्धाने त्यांचे रस्ते तोडले.

लंडनमध्ये या सगळ्यांवर तुटून पडला तो एक गणितज्ञ, यंत्राकडून गणिते करवून घेण्याचा आराखडा काढणारा. आपल्या कामाच्या ताकदीचा चौथा हिस्सा या वादकांनी खाल्ला, असा त्याचा दावा होता. १८३९ च्या पोलीस कायद्यात घरमालकाला वादकाला हटवता येत होते, पण घरात आजारी माणूस असणे किंवा दुसरे काही सबळ कारण असणे आवश्यक होते. कारण सबळ आहे की नाही यावरच कज्जे होत. मग एका बिअर कारखानदार खासदाराने विधेयक आणले. त्याच्या पाठिंब्याच्या पत्रावर त्या काळच्या नामवंत कादंबरीकारांच्या आणि चित्रकारांच्या सह्या होत्या. १८६४ मध्ये कायदा झाला. आजारपणाच्या जोडीला घरातल्या माणसाच्या नित्याच्या कामात व्यत्यय हेही कारण चालू लागले. घरमालकाने स्वतः, नोकराकरवी किंवा पोलिसाकरवी सांगितले की वादकाने निघायचे. नाही गेला तर ४० शिलिंगपर्यंत दंड किंवा ३ दिवसांपर्यंत कैद, आणि वॉरंटशिवाय अटक.

गरिबांच्या वस्तीला फुकट मिळणारे एवढेच संगीत आहे, असे विरोधक म्हणत. तो युक्तिवाद टिकला नाही, आणि कायद्याच्या रचनेत तो बसणेही कठीण होते. तक्रार करायचा अधिकार घरात बसलेल्याला दिला. रस्त्यावर थांबून ऐकणाऱ्याला आपले म्हणणे मांडायला कुठेच जागा ठेवली नाही. आजच्या कोर्टांतही तसेच आहे. तरी १८६४ च्या कायद्याची एक बाजू सांगायला हवी. तो वादकाला शहराबाहेर काढत नव्हता, या घरापासून दूर जा एवढेच म्हणत होता. पुढच्या गल्लीत त्याला नव्याने सुरुवात करता येत होती. दहा चालींवर पोट भरणाऱ्याला नाही तरी तेच करायचे असते.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध सोडून देतो. दोन युद्धे आणि रेडिओ यांनी रस्ते शांत केले. उत्तरार्धात जे घडले ते संगीतापेक्षा नगररचनेमुळे. रॉटरडॅमची लाइनबान १९५३ मध्ये, कोपनहेगनची स्ट्रॉयट १९६२ मध्ये, म्युनिकचा काउफिंगरस्ट्रासे १९७२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने, असे एकेक बाजाररस्ते फक्त पायी चालणाऱ्यांचे झाले. साध्या गिटारचा आवाज ऐकू जाईल अशी शांतता आणि खिशात सुटे पैसे घेऊन रमतगमत चालणारी माणसे, दोन्ही एका ठिकाणी मिळाली. १९७२ मध्येच इंटररेलचा पास आला. २१ वर्षांपर्यंतच्या तरुणाला एका तिकिटात महिनाभर युरोप हिंडता येऊ लागला. पाठीवर गिटार घेऊन शहरामागून शहर करणारा वादक ही आपल्या डोळ्यांसमोरची प्रतिमा फार जुनी नाही, ती १९७० च्या दशकातली आहे. त्यात नाण्यांचाही हात आहे. ब्रिटनमध्ये १९८३ ला एक पौंडाचे नाणे आले आणि नंतर नोट गेली. २००२ मध्ये एक आणि दोन युरोची नाणी आली. सहज टाकायच्या चिल्लरीचे मोल वाढले.

याच सुमारास भुयारी रेल्वेत परवान्याची सुरुवात झाली, आणि इथेच ते वळण येते. पॅरिसच्या मेट्रोने १९९७ पासून ऑडिशन घेऊन वादकांना ओळखपत्रे द्यायला सुरुवात केली. लंडनच्या ट्यूबमध्ये २००३ मध्ये तशीच योजना आली. जमिनीवर अर्धवर्तुळे आखली, वेळा वाटून दिल्या. त्याआधी पकडले तर दंड होत असे, त्यामुळे वादकांना ती सुटकाच वाटली. शिवाय भुयारात ती पद्धत चपखल बसते. तिथे वर कुणी राहत नाही, खुर्ची टाकून कुणी काम करत नाही. ऐकणारा अर्ध्या मिनिटात पुढे जातो, त्यामुळे वादकाने दिवसभर पाच गाणी वाजवली तरी ती दुसऱ्यांदा ऐकणारा कुणी नसतो.

मग हीच पद्धत उचलून उघड्या रस्त्यावर आणली. लंडनसाठीच्या २००० सालच्या एका कायद्यात बस्किंगवर स्वतंत्र भाग आहे. ज्या परिषदेला हवा तिने ठराव करून तो लागू करायचा. त्यातली व्याख्या मुळातून वाचण्याजोगी आहे: रस्त्यावर मनोरंजन करणे म्हणजे बस्किंग. पैशांचा उल्लेखच नाही. धार्मिक सभा, मिरवणूक किंवा उपासनेचा भाग म्हणून होणारे संगीत मात्र वगळले आहे. म्हणजे टोपी न ठेवता हौसेने गाणाराही परवान्याच्या कक्षेत, आणि भजनी मंडळ बाहेर. उत्तर लंडनच्या एका परिषदेने २०१३ मध्ये हा भाग लागू केला, तेव्हा वाद पेटला तो यावरूनच. विनापरवाना वाजवले तर १००० पौंडांपर्यंत दंड आणि वाद्य जप्त. ढोल, फुंकून वाजवायची वाद्ये आणि अॅम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) यांना वेगळा, महागडा परवाना. विनोदी नट आणि गायक रस्त्यावर उतरले. वादकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, पण २०१४ मध्ये ती हरली. उपद्रव रोखण्यासाठी परिषदेला हे पाऊल उचलता येते, असे कोर्टाने धरले.

वाद्य जप्त करण्याची तरतूद मला आजही अन्यायाची वाटते. सुताराचे रंधे जप्त करून त्याला शिस्त लावण्यासारखे ते आहे. पण आवाजाच्या बाजूने तक्रारदारांचे म्हणणे खोटे नव्हते. बॅटरीवरचे अॅम्प स्वस्त आणि ताकदवान झाले. तयार बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली साथ, लावून एकटा गायक अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज काढू लागला. वर्दळीच्या चौकातली जागा पक्की, पाळ्या ठरलेल्या, आणि पर्यटकाला ओळखीचे वाटेल तेच वाजवायचे. दिवसभरात एकामागून एक वेगवेगळे गायक त्याच वर्तुळात उभे राहून तीच लोकप्रिय गाणी गातात. खाली ऐकणारा बदलत राहतो, पण तिसऱ्या मजल्यावर बसलेल्याला बॅरल ऑर्गनच ऐकू येतो. २०२५ चा निकाल गाजला तो पुनरावृत्तीच्या शेऱ्यामुळे. ही पुनरावृत्ती पैदा केली ती जागा नेमून देणाऱ्या योजनेने. निकालाची झळ मात्र लागली परवाना काढून नियमात वाजवणाऱ्यांनाही.

जर्मन शहरांनी बहुतांशी दुसरा मार्ग धरला. तिथे मूळ प्रश्न असा पडला की रस्त्यावर वाजवणे हा रस्त्याचा नेहमीचा वापर की विशेष वापर. विशेष असेल तर परवानगी लागते. राज्यघटनेतले कलास्वातंत्र्य रस्त्यावरच्या वादकालाही आहे हे न्यायालयांनी मान्य केले, पण परवानगी मागायला लावणे म्हणजे त्या स्वातंत्र्याचा भंग नव्हे, असेही सांगितले. व्यवहारात अनेक शहरांत अर्धा तास वाजवा, मग ठरावीक अंतरावर दुसरीकडे जा, असा नियम असतो. अॅम्पला बहुतेक ठिकाणी मनाई. १८६४ मधले ‘पुढे जा’ इथे कुणा घरमालकाच्या मर्जीऐवजी घड्याळाच्या हाती आहे. म्युनिकमध्ये परवाना एका दिवसाचा, मोजकाच, आणि वाजवून दाखवल्यावर. माद्रिदने २०१३ मध्ये मध्यवर्ती भागासाठी अशीच परीक्षा सुरू केली होती. मोझार्ट नीट वाजवतो की नाही हे पालिकेने ठरवायचे का, यावर तिथे हसू झाले आणि सत्ता बदलल्यावर ती परीक्षाही गेली.

फिरस्त्याला यातले काय सोयीचे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांच्या मनात क्वचितच असतो. म्युनिकसारखा एका दिवसाचा परवाना त्याला चालतो. बार्सिलोनाच्या जुन्या शहरासारखी आधी नोंदणी, मग जागांची सोडत ही पद्धत तिथेच राहणाऱ्याच्या फायद्याची. एका शहराचा परवाना दुसऱ्यात चालत नाही. १३२१ मधल्या पॅरिसच्या संघाला हे चित्र अनोळखी वाटले नसते. युरोपीय संघाच्या नागरिकाला निदान सीमेवर अडवत नाहीत. ब्रिटिश वादकाला ब्रेक्झिटनंतर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, ते दिवस मोजावे लागतात आणि कामाचे नियम देशागणिक तपासावे लागतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून गेलेल्याला तर काम करण्याचीच मुभा नाही. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांना वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. गिटारच्या पेटीत पडणारे पैसे कुणी मालक देत नाही, तेव्हा ते नोकरीच्या खात्यात बसत नाहीत. पालिकेचा दिवसाचा परवाना हातात असला, तरी ही परवानगी त्यात धरलेली नसते.