टर्बो की साधी? ऑनलाइन पोकर स्पर्धांच्या वेगामागचा हिशेब

दिवाळीत तीन पत्तीला बसणाऱ्या नाशिककराला पोकरमधला ‘ब्लाइंड’ हा शब्द पहिल्यांदा हमखास चकवतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता केलेली चाल. पोकरमध्ये मात्र पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायची रक्कम, म्हणजे आपल्या ‘बूट’चाच भाऊबंद. बूट रात्रभर बहुधा तेवढाच राहतो, पोकरच्या स्पर्धेत ब्लाइंड ठरावीक मिनिटांनी वाढत जाते. ती किती मिनिटांनी वाढावी, या एका आकड्यावरून साधी स्पर्धा आणि टर्बो स्पर्धा वेगळ्या होतात, आणि दोन्हींपैकी कशात जास्त पैसे सुटतात हा वाद ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांत पुढे वर्षानुवर्षे चालला.

मुळात हा खेळ घाईचा नव्हता. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये 1970 साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली तेव्हा विजेता चक्क मतदानाने ठरला. चिप्स संपल्या की बाहेर, हा बाद पद्धतीचा नियम 1971 मध्ये आला. तिच्या मुख्य स्पर्धेत आजही ब्लाइंडची एकेक पातळी दोन तास चालते. हाताने पत्ते पिसून वाटणाऱ्या डीलरच्या टेबलावर तासाला जेमतेम तीसेक डाव होतात, त्यामुळे चांगल्या खेळाडूला चांगल्या पानांची वाट पाहायची असेल, तर घड्याळानेही थांबायला हवे, अशी ती रचना होती.

खऱ्या पैशांचे पहिले ऑनलाइन टेबल 1 जानेवारी 1998 रोजी ‘प्लॅनेट पोकर’ने मांडले आणि 2001 मध्ये ‘पोकरस्टार्स’ व ‘पार्टीपोकर’ आले. ख्रिस मनीमेकर या लेखापालाने 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पुढे जाऊन 2003 ची ‘वर्ल्ड सिरीज’ची मुख्य स्पर्धा आणि 25 लाख डॉलर जिंकले. त्या वर्षी 839 खेळाडू उतरले होते. तीनच वर्षांनी हा आकडा 8,773 झाला.

संगणकावर पत्ते पिसावे लागत नाहीत, त्यामुळे एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात. नऊ खेळाडू जमले की लगेच सुरू होणारी ‘सिट अँड गो’ स्पर्धा याच सोयीतून फोफावली. पोकरस्टार्सवरची नेहमीची मांडणी अशी होती : प्रत्येकी 1,500 चिप्स, सुरुवातीच्या ब्लाइंड 10 (लहान) आणि 20 (मोठी), मग 15-30, 25-50, 50-100, 75-150 आणि सहावी पातळी 100-200. साध्या स्पर्धेत पातळी 10 मिनिटांची, टर्बोत 5 मिनिटांची. म्हणजे सहावी पातळी साध्या स्पर्धेत 50 व्या मिनिटाला उजाडे आणि टर्बोत 25 व्या. तोवर ज्याने काही कमावले नाही, काही गमावलेही नाही, त्याच्याकडे जेमतेम साडेसात मोठ्या ब्लाइंड उरत. टर्बोच्या एका पातळीत पाच-सहाच डाव होत, म्हणजे नऊ जणांच्या टेबलाची एक फेरीसुद्धा पुरी होत नसे. इतक्या कमी चिप्सवर खेळाचे डावपेच आटतात आणि ‘ऑल-इन किंवा फोल्ड’, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या की पाने टाकायची, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

हा वेग खेळाडूंच्या हौसेसाठी आला असे म्हटले जाते आणि ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे शुल्कात आहे. कंपनीची कमाई बक्षिसातून होत नाही, ती प्रत्येक प्रवेशामागे कापल्या जाणाऱ्या ‘रेक’मधून होते, आणि जे टेबल तासाला दोनदा भरते ते रेकही दोनदा देते.

नाशिकमध्ये टर्बो रुजली तिला आणखी एक स्थानिक कारण होते. अमेरिकी रविवारच्या मोठ्या स्पर्धा आपल्याकडे रविवारी रात्री उशिरा किंवा सोमवारी पहाटे सुरू होत. साधी स्पर्धा रंगात येई तोवर अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पहिली पाळी सुरू झालेली असे. त्यात भारनियमन. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या एका परिचिताची त्या काळातली दोनशे पानी वही मी पाहिली आहे. तारीख, प्रवेशशुल्क, क्रमांक, नफा-तोटा आणि शेवटच्या रकान्यात केवळ ‘लाइट’. ज्या ओळीत हा शब्द लिहिलेला, तिथे क्रमांक बहुधा पाचवा किंवा सहावा, कारण वीज गेल्यावर सर्व्हर त्याची पाने आपोआप टाकत राही आणि ब्लाइंड चिप्स खात जात. दोन भारनियमनांच्या मधे अर्ध्या तासाची टर्बो बसते, हे त्याने कुठल्याही सिद्धांतावाचून शोधले होते.

आता मूळ प्रश्न. समजा, प्रवेश 100 अधिक रेक 10, म्हणजे खिशातून 110 जातात. चांगला खेळाडू साध्या स्पर्धेत गुंतवणुकीवर 10 टक्के मिळवतो आणि टर्बोत 5 टक्के, कारण निर्णय कमी म्हणजे चुका करणाऱ्यावर कुरघोडी करण्याच्या संधीही कमी. साधी स्पर्धा 50 मिनिटे, टर्बो 30 मिनिटे धरू. मग साध्या स्पर्धेत प्रत्येकी 11, म्हणजे तासाला 13.20, टर्बोत प्रत्येकी साडेपाच, म्हणजे तासाला 11. येथवर साधी स्पर्धा सरस. पण कंपनीने रेकमधले 30 टक्के परत दिले, तर प्रत्येक स्पर्धेमागे 3 वाढतात आणि तासाचे आकडे 16.80 व 17 असे होतात. टर्बो पुढे जाते, पण खेळाच्या जोरावर नव्हे. तिला पुढे ढकलतो तो परतावा, म्हणजे ‘रेकबॅक’. वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या वह्या दाखवत आणि दोघांच्याही वह्या खऱ्या असत, याचे कारण बहुधा हेच.

चढउतारांचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नसे. नऊ जणांत पहिल्या तिघांना 450, 270 आणि 180 अशी बक्षिसे असतील, तर एका स्पर्धेच्या निकालाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून निकाल साधारण किती दूर पडतो त्याचे माप, सुमारे 155 येते. परतावा बाजूला ठेवला, तर साडेपाचचा नफा असणाऱ्याची हजार टर्बोंतली अपेक्षित कमाई 5,500, आणि तिच्याभोवतीचे विचलन जवळजवळ 4,900. थोडक्यात, खरोखर नफ्यात असलेला खेळाडूही हजार स्पर्धांनंतर तोट्यात असण्याची शक्यता आठात एक. साध्या स्पर्धेत 11 च्या नफ्यावर हीच शक्यता शंभरात एखादी उरते. हजार टर्बो पाचशे तासांत उरकतात आणि हजार साध्या स्पर्धांना आठशेहून जास्त तास लागतात, हे खरे. पण उसनवारीच्या पैशांवर बसलेल्याला तोट्याच्या त्या पाचशे तासांत हे कोण समजावणार?

टर्बोतली धार बोथट झाली ती गणितामुळे. डेव्हिड हार्व्हिल यांनी 1973 मध्ये शर्यतीतल्या घोड्यांच्या क्रमांकांची संभाव्यता काढण्याचे सूत्र मांडले होते. तोच विचार मेसन माल्मुथ यांनी 1987 मध्ये स्पर्धेतल्या चिप्सना पैशांचे मोल लावण्यासाठी वापरला, आणि त्यालाच खेळाडू ‘आयसीएम’ (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. पुढे 2007 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातील मिल्टरसन आणि सोरेन्सन यांनी पार्टीपोकरच्या सिट अँड गोचा शेवटचा टप्पा तपासला : दोन खेळाडू, 300-600 ब्लाइंड, टेबलावर एकूण 8,000 चिप्स. नुसते ‘ऑल-इन किंवा फोल्ड’ खेळणारा सर्वोत्तम डावपेचाच्या तुलनेत जिंकण्याच्या शक्यतेत जास्तीत जास्त 1.4 टक्के गुणांनी मागे राहतो, हे त्यांनी दाखवले. याचा अर्थ टर्बोचा शेवट एका तक्त्यात मावत होता. असे तक्ते ‘नॅश’च्या नावाने ओळखले जाऊ लागले. गणितज्ञ जॉन नॅश यांनी आपल्या 1951 च्या निबंधात तिघांच्या सोप्या पोकरचे उदाहरण घेतले होते, तेव्हा हे नाव काही ओढूनताणून आणलेले नाही. तक्ता सगळ्यांच्या हाती आला की त्यावरची कमाई आटते, आणि तसेच झाले.

दरम्यान अमेरिकी सरकारने 15 एप्रिल 2011 रोजी मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली आणि सैल हाताने खेळणारे असंख्य अमेरिकी एका दिवसात टेबलांवरून उठले. पोकरस्टार्सने 2014 मध्ये तिघांची, अतिवेगवान ‘स्पिन अँड गो’ आणली, ज्यात बक्षीस सोडतीसारखे ठरते. शिवाय भरपूर खेळणाऱ्यांना मिळणारे मोठे परतावे 2016 पासून कापण्यात आले. त्याविरुद्ध खेळाडूंनी डिसेंबर 2015 मध्ये टेबलांवर बहिष्कारही टाकला होता. फळ काही आले नाही. वरच्या हिशेबातले 3 काढून टाका, म्हणजे त्यांचा संताप कशासाठी होता ते कळेल.

भारतात रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटले आणि पोकरचे भारतीय व्यासपीठ उभारणाऱ्यांनी तोच आधार घेतला. गुजरात उच्च न्यायालयाने मात्र 2017 मध्ये पोकरला जुगारच ठरवले. नफ्याचे गणित मोडले ते करांनी. 1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के उद्गम करकपात आली, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी. करासह शंभर रुपये भरले की त्यातले जवळजवळ 22 रुपये करात जात. कंपन्या बोनस देऊन ती भर काही काळ सोसत राहिल्या, पण 5 किंवा 10 टक्क्यांच्या धंद्यात असे 22 टक्के कुठून काढणार? टर्बो की साधी हा प्रश्न तेथेच जवळजवळ निरर्थक झाला होता. पुढे ऑनलाइन गेमिंग कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैशांवर खेळवणे बंद झाले. शिक्षा खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गंगापूर रोडवरच्या त्या वहीत शेवटच्या काही पानांवर ‘लाइट’चा रकाना खोडून तिथे ‘टॅक्स’ लिहिले आहे. तिच्यातली शेवटची नोंद त्याच ऑगस्टमधली आहे, टर्बोची, क्रमांक तिसरा.