पेक्तू: दोन देशांत वाटला गेलेला ज्वालामुखी

उत्तर कोरियात जुनी झाडं, धबधबे, गरम पाण्याचे झरे, एवढंच काय, पुंगसान जातीचा कुत्राही सरकारदरबारी 'नैसर्गिक स्मारक' म्हणून नोंदलेला आहे. पण या साऱ्या वारशात मानाचं पान आहे ते पेक्तू पर्वताचं. उंची २७४४ मीटर. देशाच्या राजचिन्हावर तो आहे, आणि किम जोंग इल यांचा जन्म तिथेच झाला असं सरकार सांगतं. सोव्हिएत नोंदी मात्र रशियातल्या खाबारोव्स्क शहराच्या परिसराकडे बोट दाखवतात.

पेक्तू हा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावरचं चोंजी सरोवर सुमारे ३८४ मीटर खोल आहे. पोटातला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, उसळून बाहेर गेल्यावर वरचं छत खचलं आणि त्या प्रचंड खड्ड्यात पाणी साठलं. चीनची हद्द या सरोवरातूनच जाते. पलीकडे याच पर्वताला चांगबाईशान म्हणतात.

दहाव्या शतकातला त्याचा उद्रेक गेल्या दोन हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याची राख समुद्र ओलांडून जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत गेली. वर्ष नेमकं कोणतं, याचं उत्तर मिळालं ते राखेत गाडल्या गेलेल्या एका लार्च वृक्षाच्या खोडातून. इ.स. ७७४-७५मध्ये, बहुधा सूर्यावरच्या अतितीव्र वादळामुळे, वातावरणातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढला आणि त्या काळात उभ्या असलेल्या झाडांच्या वलयांत त्याची खूण उमटली. या खोडात ती खूण सापडली. दरवर्षी एक वलय वाढतं, म्हणून तिथून सालीपर्यंत एकेक वलय मोजत गेल्यावर झाडाच्या मृत्यूचं साल निघालं: ९४६. जपानमधल्या नारा इथल्या कोफुकुजी मंदिराच्या बखरीत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पांढरी राख पडल्याची नोंद आहे. झाड आणि बखर एकमेकांना असा दुजोरा देतात, तेव्हा विज्ञानावरचा माझा विश्वास आणखी घट्ट होतो.

मग २००२ ते २००५ या काळात पर्वताखाली छोट्या भूकंपांची रीघ लागली. बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे भूपृष्ठाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमांजवळ असतात; पेक्तू मात्र अशा सीमेपासून बराच आत आहे, त्यामुळे त्याच्या पोटात शिलारस येतो कसा, हाच मोठा प्रश्न होता. उत्तर कोरियाने २०११मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना बोलावलं. जेम्स हॅमंड आणि क्लाइव्ह ओपनहायमर तिथे गेले. उत्तर कोरियावरच्या आर्थिक निर्बंधांमुळे साधा भूकंपमापक तिथे न्यायचा तरी परवानगी लागायची. अखेर २०१३मध्ये सहा यंत्रं बसली. दूरच्या भूकंपांच्या लहरी वितळलेल्या खडकातून जाताना मंदावतात. या यंत्रांनी टिपलेल्या लहरींवरून भूकवचात अंशतः वितळलेला खडक असल्याचं दिसलं. २०१६च्या शोधनिबंधावर ब्रिटिश आणि उत्तर कोरियाई शास्त्रज्ञांची नावं शेजारी शेजारी छापली गेली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

चीनकडच्या भागाला २०२४मध्ये आणि कोरियाकडच्या भागाला २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. पाटी लागली, पर्यटकही येतील. पण शिलारसाची हालचाल टिपायची तर भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि झऱ्यांतले वायू यांची मोजणी दोन्ही उतारांवर अखंड व्हायला हवी, आणि ते आकडे सीमेपलीकडे वेळेत पोचायला हवेत.