कलापथक

कलापथक : एखाद्या सामाजिक किंवा राजकीय प्रश्नावर लोकांचे मन वळवण्यासाठी गाणी, पोवाडे आणि लोकनाट्ये घेऊन गावोगाव फिरणारा स्वयंसेवकांचा संच. १९४० च्या दशकात हा शब्द महाराष्ट्रात रुळला तो मुख्यतः दोन संचांमुळे. एक राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आणि दुसरे अण्णाभाऊ साठे, अमरशेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभे केलेले लाल बावटा कलापथक. या नोंदीत भर पहिल्यावर आहे. त्यातली बहुतेक मुले-मुली पोटापाण्याचा वेगळा उद्योग किंवा शिक्षण सांभाळून, बिदागीची अपेक्षा न धरता प्रचाराला निघत.

गाण्यातून प्रबोधन करण्याची वाट त्यांच्याआधी मळलेली होती. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात जातिभेद व भटशाहीवरची टीका भरली. पुढे भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांतून झाले. शहरी भागात गणेशोत्सवातले मेळे होते. ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज एवढ्या सामानावर आणि गॅसबत्तीच्या उजेडात कार्यक्रम उभा राहू शकतो, हे कलापथकांना या परंपरेकडून आयते मिळाले. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यापर्यंत पत्रक पोहोचत नाही, पण वगातला सवाल-जवाब त्याला घरी जाताना तोंडपाठ असतो. ही ताकद त्या काळच्या कार्यकर्त्यांनी नेमकी हेरली.

राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली आणि एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख झाले. संध्याकाळची शाखा, मैदानी खेळ, कवायत, समूहगीते आणि बौद्धिक असा दलाचा क्रम होता. निरनिराळ्या जातींची मुले एका मैदानावर खेळत. आज ही गोष्ट साधी वाटते, पण त्या काळी गावात पाणी भरण्याच्या जागाही जातवार ठरलेल्या होत्या, हे ध्यानात घेतले की तिचे मोल कळते. १९४२ च्या चले जाव आंदोलनात यांतली अनेक मुले उतरली. शाखेत रोज गायली जाणारी गाणी पुढे व्यासपीठावर आली आणि त्यांतूनच कलापथक घडत गेले. कवी वसंत बापट आणि शाहीर लीलाधर हेगडे यांचा या कामात मोठा वाटा आहे.

कलापथकाची खरी कसोटी लागली ती पंढरपूरच्या मंदिरप्रवेशाच्या वेळी. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना बंद होते. संत चोखामेळ्याची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. १९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी या प्रश्नावर उपोषणाचा निर्धार जाहीर केला. आधी लोकमत तयार करावे असा सहकाऱ्यांचा आग्रह पडला, तेव्हा उपोषण पुढे ढकलून गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. सेनापती बापट या मोहिमेत आघाडीवर होते आणि सेवा दलाची तरुण मुले गाणी घेऊन सोबत होती. मागणी नवी होती, पण तिचा आधार गावाला पाठ असलेल्या अभंगांत होता. त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘हे आपल्या धर्माविरुद्ध आहे’ असे म्हणणे जड जाई. या दौऱ्यात ठिकठिकाणची मंदिरे आणि विहिरी गावकऱ्यांनी आपण होऊन खुल्या केल्या. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सोडले.

या यशाचे श्रेय गुरुजींच्या उपोषणाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याआधीचे महिने विसरता कामा नयेत. भाषण ऐकून पटले तरी माणूस ‘पण हे जमायचे कसे?’ असे विचारतो. कलापथक गावात उतरले की त्याचे उत्तर डोळ्यांसमोर दिसे. वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र गात, एकत्र जेवत. पुढे पांढरपेशा घरांतल्या मुलीही मुलांच्या बरोबरीने रंगमंचावर उभ्या राहिल्या. नाचगाणे म्हणजे बदनामी असे मानणाऱ्या समाजात त्यांनी दाखवलेले धैर्य मुलांपेक्षा काकणभर जास्तच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर कलापथकाचा भर लोकनाट्याकडे वळला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे या काळातले गाजलेले उदाहरण. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा घाट कायम ठेवून त्यात निवडणुका, भ्रष्टाचार, अंधश्रद्धा असे विषय आले. या तालमीतून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके असे कलावंत मराठी रंगभूमीला व चित्रपटाला मिळाले. निळू फुले तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. दिवसा बाग आणि रात्री तालीम, असे हे आयुष्य होते.

कलापथकांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. देवळाचे दार उघडले म्हणून पाणवठा उघडलाच असे नव्हते. सेवा दलाच्याच संस्कारात वाढलेल्या डॉ. बाबा आढावांना १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घ्यावी लागली, यावरून कामाचा किती भाग शिल्लक होता ते दिसते. तिच्यातही तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरले. फरक इतकाच की गाण्यापेक्षा विहिरींची पाहणी आणि गावकऱ्यांशी समोरासमोर बोलणे यांवर तिथे भर होता.

पुढच्या काळात हाच वारसा इतर चळवळींनी चालवला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ गावोगाव नेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रंगकर्मी अतुल पेठे यांच्याकडून प्रशिक्षण घेऊन नाटुकली बसवली. रंगमंच नाही, पडदा नाही; प्रेक्षक भोवताली गोल उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेत कार्यकर्तेच नाटक करतात. या प्रकाराला त्यांनी वारीतला शब्द दिला : रिंगणनाट्य.