साखरेचा आकडा रुग्णाच्या हाती कसा आला

बोट टोचून रक्तातली साखर पाहायचा आज अनेक मधुमेहींना कंटाळा येतो. त्यांच्या आजी-आजोबांच्या वेळी ही सोयच नव्हती. तेव्हा होती परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टचं निळं द्रावण. त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं आणि रंग पाहायचा. निळाच राहिला तर ठीक. नाहीतर हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचं हे द्रावण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. 1941 मध्ये नळीत टाकताच आपोआप उकळणारी ‘क्लिनिटेस्ट’ गोळी आली, 1956 मध्ये लघवीत बुडवायची पट्टी.

पण लघवी शिळी बातमी सांगते. रक्तातली साखर साधारण 180 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) वर गेली की मगच ती लघवीत उतरते, आणि तीही काही तासांपूर्वीची. साखर एकदम उतरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर ही तपासणी मुकीच. इन्सुलिन घेणाऱ्याला खरा धोका तिथे असतो.

1960 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एम्स कंपनीने ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्ताची पट्टी आणली. तिच्यावर रक्ताचा चांगला टपोरा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबून पाण्याने धुवायचा आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. नजरेचा अंदाज चुके, म्हणून 1970 च्या सुमारास तोच रंग मोजणारं यंत्र आलं. वजन किलोभराहून जास्त, आणि ते फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना मिळे.

रिचर्ड बर्नस्टीन यांची गोष्ट इथली. ते पेशाने इंजिनिअर. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह, आणि तरुणपणीच त्याचे दुष्परिणाम अंगावर दिसू लागलेले. या यंत्राची जाहिरात त्यांनी पाहिली. पण रुग्णाला ते विकत मिळेना. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते घेतलं. दिवसातून अनेकदा रक्त तपासून कशाने साखर चढते, कशाने उतरते, याची ते नोंद ठेवू लागले. इन्सुलिन आणि जेवण त्या आकड्यांनुसार बदललं, तशी तब्येत सुधारली. हे लिहून पाठवलं, तर वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारलं. मग पंचेचाळिशीत त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर झाले. आज घरोघरी दिसणाऱ्या ग्लुकोमीटरमागे या माणसाचा हट्ट आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्यांच्या म्हणण्याला भक्कम पुरावा 1993 मध्ये मिळाला. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप 1 (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या) मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवर झालेल्या ‘डीसीसीटी’ अभ्यासात साखर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. म्हणजे घट्ट नियंत्रण हवं, तर तपासणीही वारंवार हवी.

दरम्यान यंत्र लहान होत गेलं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये मांडलेल्या एन्झाइम-इलेक्ट्रोडच्या (एन्झाइमची साखरेवर होणारी क्रिया विजेने मोजण्याच्या) कल्पनेतून 1987 मध्ये पेनाएवढा मीटर निघाला. रंगाऐवजी तो विद्युतप्रवाह मोजे. आताच्या बऱ्याच पट्ट्यांना एक मायक्रोलीटरहूनही कमी रक्त पुरतं.

तरी टोचणं राहिलंच. 1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला सेन्सर त्वचेखाली साखर सतत मोजे, पण त्याचे आकडे नंतर डॉक्टरच पाहत. रुग्णाला पुन्हा वाट पाहणंच आलं. रुग्णाला आकडे त्याच क्षणी दाखवणारे सेन्सर पुढच्या दशकात आले. 2014 मध्ये युरोपात दंडावर 14 दिवस राहणारा ‘लिब्रे’ सेन्सर निघाला, आणि रोज बोट टोचून तो जुळवून घ्यायची गरज उरली नाही.

सुईच नको, हे स्वप्न मात्र हुलकावणी देत आलं आहे. त्वचेवर सौम्य विद्युतप्रवाह सोडून साखर मोजणारं ‘ग्लुकोवॉच’ 2001 मध्ये मान्य झालं. त्याने त्वचेची आग होई, आणि ते बंद पडलं. अश्रूंतून साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचं काम 2018 मध्ये थांबवलं गेलं. त्वचेला न टोचता साखर सांगतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. अशा घड्याळाच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं.

दंडावरचा सेन्सर विश्वासाचा आहे, पण तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि काही मिनिटं मागे असतो. म्हणून पडद्यावरचा आकडा ठीक दिसत असताना दरदरून घाम सुटला, तर आजही हात धुऊन बोटाच्या कडेला सुई टोचायची आणि बोटाच्या रक्ताचा आकडा खरा धरायचा.