वायूतील अशुद्धी आणि धातूंचे आरंभीचे ऑक्सिडीभवन

ताजा घासलेला धातू हवेत उघडा पडला की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरू लागतो. हे काम एकट्या ऑक्सिजनचे नसते. पाण्याची वाफ, सल्फर डाय-ऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, खाऱ्या धुळीचे कण हेही त्यात हात घालतात. पापुद्रा घट्ट बसेल की भुसभुशीत राहील, हे बऱ्याचदा या पहिल्या टप्प्यातच ठरते.

त्यासाठी किती थोडी अशुद्धी पुरते, हे हिशेब मांडल्याशिवाय खरे वाटत नाही. वायूचा दाब १ मिमी पाऱ्याच्या दहा लाखाव्या भागाइतका असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर सुमारे १ सेकंदात पृष्ठभागावर रेणूंचा एक थर बसतो. तापलेल्या धातूपासून हवा दूर ठेवायला आरगॉन हा निष्क्रिय वायू वापरतात; ‘९९.९९९ टक्के शुद्ध’ आरगॉनमध्येही दहा लाखांत १० भाग अशुद्धी असू शकते. वातावरणाच्या दाबाला (७६० मिमी पारा) तिचा वाटा ०.००७६ मिमी पारा, म्हणजे एका सेकंदात थर बसवणाऱ्या वरच्या दाबाच्या ७,६०० पट. आरगॉनच्या गर्दीतून वाट काढताना तिचा वेग घटतो, तरी तापलेल्या धातूला तेवढी पुरते.

टायटॅनियमच्या वेल्डिंगमध्ये हे डोळ्यांनी दिसते. जोडावर सोडलेला आरगॉन गॅस चांगला असेल तर जोड लखलखीत चंदेरी येतो. नळी कुठे गळत असेल किंवा गॅसमध्ये ओल असेल, तर तो आधी गवती पिवळा, मग जांभळा-निळा होतो. त्याहून बिघडला तर राखाडी पडतो, शेवटी पांढरी भुकटी धरते. पिवळा-निळा हा रंग म्हणजे पातळ ऑक्साइडच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण, म्हणजे त्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग उठावतात, काही मिटतात. हे ऑक्साइड धरू नये म्हणून जोड सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत त्यावर आरगॉन सोडत राहतात.

लोखंडाबाबत ब्रिटनमधील गंज-संशोधक डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० व १९३० च्या दशकांत केलेले प्रयोग आजही पायाभूत आहेत. हवेत ०.०१ टक्का सल्फर डाय-ऑक्साइड असताना गंज आधी अगदी हळू चढला, पण आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचताच झपाट्याने वाढला. मलमलीच्या पिंजऱ्यात टांगलेले लोखंडाचे तुकडे मात्र महिनोन्‌महिने जवळपास स्वच्छ राहिले, कारण धूळ बाहेरच अडली. सल्फर डाय-ऑक्साइडपासून आम्ल बनते, आम्लापासून फेरस सल्फेट, त्यापासून गंज, आणि आम्ल पुन्हा मोकळे होते. म्हणून थोडासा वायू पुष्कळ लोखंड खातो.

तांब्यावरील त्यांचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. ताजे तांबे आधी हायड्रोजन सल्फाइडविरहित हवेत ठेवले, तर नंतर दूषित हवेतही ते कमी काळवंडते. आधीच दूषित हवा लागलेले तांबे मात्र काळवंडतच जाते.